खटक्याची दोरी

बाबा, तुमच्या नातवानं सहा-सात महिन्यांपूर्वी मोटार घेतली. पांढरी, एवढीशी, दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज येतो. कंपनी जपानची, बनते इकडेच. आणली त्या दिवशी सगळी कॉलनी बघायला आली आणि जो तो आपलं मत देऊन गेला. समोरच्या बँकवाल्यांकडे हीच गाडी वर्षभरापासून आहे. ते म्हणाले, पेट्रोल नुसतं हुंगते, आणि थंडीतही किल्ली फिरवली की लगेच चालू होते, धक्का मारायला कोणाला उठवावं लागत नाही. कोपऱ्यावरच्या वकिलांकडे वीस वर्षांची जुनी जाडजूड गाडी आहे. त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, म्हशीनं अंग घासलं तरी पोचा येईल हिला. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण हयात यंत्रांत घालवलेला म्हातारा मीच. मी म्हटलं, जपानी माल आहे, किती टिकतो ते पाहू. पन्नास वर्षं मी हेच बोलत आलो आहे. घड्याळ असो, रेडिओ असो, तोंडातून आपोआप हेच निघतं. तुम्ही तिथं असता तर मला हे बोलायची हिंमत झाली नसती.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मागच्या आठवड्यात पोरगा पेपर वाचता वाचता मला म्हणाला, बाबा, ही कंपनी आधी मोटारी करतच नव्हती, माग करत होती. मालकानं म्हणे पहिला माग आपल्या आईसाठी बनवला, तिचे कष्ट कमी व्हावे म्हणून. मग सायकलीसारखी दुचाकी, मग मोटार. मी उठलो आणि माठातलं पाणी प्यायलो. आपला माग ह्याच कंपनीचा होता की दुसऱ्या कोणाचा, देव जाणे. तिकडे मागवाले पुष्कळ असतील, आणि त्या लोखंडावरची अक्षरं तुम्हालाही वाचता आली नाहीत अन् मलाही नाही. पण तेव्हापासून डोक्यात तोच माग चालू आहे. कितीही झटकलं तरी थांबत नाही, आणि थांबणं हाच तर त्याचा गुण होता.

तेव्हा नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. तुम्ही मोठ्या मिलमधली जॉबरकी, म्हणजे माग दुरुस्तीची अन् विणकरांवरची मुकादमी, सोडून कामठी रोडवरच्या शेठच्या टिनाच्या शेडमध्ये आला होता. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणारा जॉबर म्हणून तुमचं नाव होतं. शेठकडे मिलांनी टाकून दिलेले विलायती माग होते, त्यांना तुम्ही ठोकून-ठाकून चालवत होता. मी एकोणीस वर्षांचा, तुमच्याच हाताखाली विणकर. दिवाळीच्या सुमारास आगगाडीनं दोन मोठ्या लाकडी पेट्या आल्या, आणि त्यांच्यासोबत मुंबईच्या एजंटचा माणूस आणि एक जपानी मिस्त्री. आठ दिवस राहिला तो. आईनं पाठवलेली ज्वारीची भाकर दोन्ही हातांनी धरून खायचा आणि भाकरीला वाकून नमस्कार करायचा. आई हसून हसून बेजार.

माग उभा राहिला त्या दिवशीचं मला अजून दिसतं. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, एकेका धाग्यावर पातळ लोखंडी पत्ती लटकलेली आहे. मिस्त्री चालत्या मागावरचा एक धागा कात्रीनं कापतो. पत्ती खाली पडते, खटका बसतो आणि माग जागच्या जागी उभा. तुम्ही त्याच्या हातातली कात्री घेता आणि स्वतः एक धागा कापता. पुन्हा उभा. मग तुम्ही हसता, लहान पोरासारखे, आणि त्या मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारता. विलायती मागावर धागा तुटला तर माग तसाच धडधडत राहायचा आणि कापडात फट पडत जायची, विणकराचं लक्ष गेलं तर गेलं. तुम्ही शेठकडे वळून म्हणालात, "शेठजी, हा माग खोटं बोलत नाही. ह्याची हमी माही."

शेठ व्यवहाराचा पक्का. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत हे दोन चालवून पाहू. चांगले निघाले तर आणखी मागवतो आणि अख्खी शेड तुमच्या हातात देतो. नाही निघाले तर माग आणि तुम्ही, दोघंही बाहेर. तुम्ही मान हलवलीत, एक माग स्वतः चालवायला ठेवलात आणि दुसरा मला दिलात. माझ्यावर तुमचा भरवसा होता म्हणून दिलात, हे मी आज लिहितो तेव्हा हात थांबतो.

थंडीभर माग सुरेख चालला. चैत्र लागला आणि आपलं नागपूरचं ऊन तापलं. शेडमध्ये भट्टी, हवेत ओल नाही, सूत कडकडीत होऊन पटापट तुटायचं, आणि जेवढ्या वेळा तुटेल तेवढ्या वेळा माग उभा. तुम्ही एका दिवसात उपाय काढला. खिडक्यांना पोत्याचे पडदे लावले, आणि मला सांगितलं, "घंट्या-घंट्यानं जमिनीवर पाणी मार, पडदे वले ठेव. सुताले तहान लागते गा." पाणी मारलं की खरंच फरक पडायचा. पण विहीर शेडच्या त्या टोकाला, भर उन्हात. आणि बाकीचे विणकर, त्यांचे माग एकसारखे धडधडत राहिलेले, माझा थांबला की ओरडायचे, "अबे, नवरी रुसली पाय तुही!" मागच्याच महिन्यात माझं लग्न ठरलं होतं, त्यामुळे त्यांना आयतंच सापडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, एवढ्याशा हसण्याचं काय घेऊन बसलो होतो मी.

वैशाखात तुम्ही सावनेरला मावशीकडच्या लग्नाला चार दिवस गेलात. जाताना म्हणालात, पाण्याचं विसरू नको, इतवारी बाजारातला व्यापारी पहिली थानं पाहायला येऊन राहिला. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत पाणी मारलं. दुपारी माग पुन्हा थांबला, पुन्हा ते हसले. मी सुताची पिळून एक दोरी केली, मागाच्या मागच्या बाजूला वाकलो आणि खटका फ्रेमला घट्ट बांधून टाकला. आता पत्ती पडो की न पडो, माग थांबणार नव्हता. संध्याकाळपर्यंत धाडधाड चालला. तुटलेला धागा मला दिसेलच, दिसला की जोडीन, असं मी स्वतःला समजावत होतो. एकजण म्हणालासुद्धा, नवरी नांदायला लागली रे. छाती फुगली माझी. मग विहिरीकडे मी चार दिवस फिरकलोच नाही.

तुम्ही परत आलात ते सरळ शेडमध्ये, पिशवीत लग्नाचे लाडू, आणि व्यापारी आधीच बसलेला. त्यानं माझ्या मागावरचं थान उचललं, दारात नेलं आणि उन्हात धरलं. वरपासून खालपर्यंत उभ्या फटी. एक नाही, पाच-सहा. त्या पलीकडचं ऊन दिसत होतं. व्यापाऱ्यानं थान खाली ठेवलं आणि चपला घातल्या. शेठचा चेहरा काळवंडला. तुम्ही थानावरून बोट फिरवलंत, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मागाच्या पाठीमागे जाऊन वाकलात. बराच वेळ वाकलेले होता. मी डावरा आहे, बाबा. विणकराची गाठ तुम्हीच शिकवलीत मला, आणि ती माझ्या हातानं नेहमी उलटी पडायची. त्या शेडमध्ये तशी गाठ दुसऱ्या कोणाची नव्हती.

तुम्ही उठलात तेव्हा तुमची मूठ बंद होती. शेठनं विचारलं, "धागा तुटला तं थांबला काहून नाही हा? तुम्ही तं हमी देल्ली होती."

तुम्ही म्हणालात, "माग चांगला हाये शेठजी. खटका म्या बरोबर बसवला नव्हता. चूक माही हाये."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. नुसतं "मी" म्हणायचं होतं. म्हटलं नाही. शेठ हसला आणि म्हणाला, माग अन् माणूस, दोघंही जपानी निघाले. सगळी शेड हसली, आणि बाबा, खरं सांगतो, त्यांच्यासोबत माझंही तोंड थोडं वाकडं झालं. हसलो नाही, पण हसल्यासारखं केलं. तुम्ही ते पाहिलं की नाही, ह्याचा विचार मी अजून करतो.

ते दोन माग पोत्याखाली झाकून कोपऱ्यात गेले. तुम्ही मोठ्या मिलमध्ये परत गेलात, पण जॉबर म्हणून नाही. ज्यांना तुम्ही शिकवलं त्यांच्या हाताखाली साधे विणकर. मोहल्ल्यात तुमचं नाव पडलं, जपानी जॉबर. पुढे लढाईत जपान दुश्मन झाला तेव्हा तर पोट्टे दारावरून ओरडत जायचे. तुम्ही कधी बाहेर येऊन कोणावर खेकसला नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी आपण दोघं चुलीपुढं जेवायला बसलो होतो. आईनं विचारलं, एवढ्या वर्षांत तुमचा कोणता माग कधी चुकला नाही, आजच कसा काय? तुम्ही म्हणालात, होते कधी कधी. मग वरण-भात संपवलात, हात धुतलात, बंडीच्या खिशातून ती दोरी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलीत आणि एवढंच बोललात, "गाठ अजून उलटीच पडते गा तुही." दुसरं काही नाही. तेव्हाही नाही आणि पुढं कधीच नाही. मला वाटलं होतं रागवाल, माराल, निदान आईला सांगाल. मी वाट पाहत राहिलो. सकाळी मी ती दोरी चुलीत घातली, आणि आई भाकर थापता थापता पाहत होती. तिनंही विचारलं नाही. तुम्ही गेलात तो ताप फक्त सहा दिवसांचा होता, लढाई संपायलाही अवकाश होता. पाचव्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होता आणि खोलीत मी एकटा होतो. मी तुम्हाला पाणी पाजलं आणि बाहेर आलो.

लढाईनंतर शेठच्या पोरानं ते माग पोत्याखालून काढले आणि कामठीच्या एका कारखानदाराला दिले. एकदा मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. दारात उभा राहिलो. भर मे महिना, जमीन ओली, आणि तुमचा माग व्यवस्थित चालत होता. माझ्यासमोर एक धागा तुटला आणि तो थांबला. पोरसवदा एक बाई होती मागावर, तिनं धागा जोडला, चालू केला. मालक मला म्हणाला, पहिले ह्याले कोणी जपानी म्हणून हात लावत नव्हतं, आता माह्या शेडमध्ये ह्याच्यासारखा इमानदार दुसरा नाही. मी हो म्हटलं आणि बसनं घरी आलो.

आता मोटारीचं सांगतो, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलो. चार दिवसांआधी पोरानं मला गाडीतून महाल भागात नेलं. स्टिअरिंगमागच्या काचेत एका जागी काळी चिकटपट्टी लावलेली दिसली. मी विचारलं, हे काहून लावलं? तो म्हणाला, तिथं एक लाल दिवा आहे बाबा, इंजिनच्या तेलाचा. मधून मधून उगाच लागतो, सोबतचे हसतात, नवी गाडी अन् दिवा लागून राहिला म्हणून. गाडी एकदम मस्त चालते. मी समोरच्या रस्त्याकडे पाहत बसलो. त्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, शेड, दोरी, तुमची बंद मूठ. तो मला हयातभर सरळ माणूस समजत आला आहे. घरी आल्यावर तो आंघोळीला गेला तेव्हा मी खाली उतरलो आणि नखानं ती पट्टी सोलून काढली.

दुसऱ्या दिवशी उघडा दिवा लागला आणि तसाच लागून राहिला, तेव्हा तो गाडी गॅरेजला घेऊन गेला. महिनोन्‌महिने त्यानं तेल पाहिलंच नव्हतं, तळाशी जेमतेम उरलं होतं. मिस्त्री म्हणाला, आठ दिवस अजून चालवली असती तर इंजिन बसलं असतं. संध्याकाळी त्यानं घरात सगळ्यांना विचारलं, पट्टी कोणी काढली? सुनेनं नाही म्हटलं, नातवंडांनी नाही म्हटलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मले काय माहीत.

हे पत्र त्यालाच वाचायला द्यावं असं दोनदा मनात आलं. देणार नाही, माझं मला माहीत आहे. पट्टी मी काढली, बाबा. आणि दोरी मी बांधली होती.