नऊ तळांची वाट

सांगली,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सुलाबाई,

वर्धमान मगदूमचा जयजिनेंद्र आणि रामराम. तुम्ही, राणी आणि मेंढरं सगळी खुशाल असाल असं धरून चालतो. आमच्याकडे बरं आहे. कस्तुरीचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघे थांबले की ती कुरकुरते. आमचा पोरगा भरतेश सकाळी शेतात असतो आणि बाकीचा दिवस त्या मोबाइलवरच्या नकाशात.

फोन असताना पत्र कशाला, असं राणी वाचता वाचता म्हणेल. पण फोनवर मी तुमच्याशी पाऊसपाणी आणि चारा यापलीकडे कधी गेलेलो नाही. म्हटलं या वेळी कागदावर बोलावं.

तर वाटेची बातमी. वडूज ते सांगली, तुमच्या मेंढरांची जुनी वाट. नऊ तळांपैकी सात उभे राहिले. प्रत्येक तळाला पाण्याचा हौद, कळप बसायला दहा गुंठे मोकळं रान आणि एक दगड. दगडावर चार नावं: तुमचे आप्पासो, त्यांचे भाऊ धनाजी, धनाजीची मनुबाई आणि कळपाबरोबर चालणारे आकारामबुवा. खाली ‘७ जानेवारी २०२३’ आणि त्याखाली ‘मेंढरांना वाट द्या’. वाटेसाठी केलेल्या समितीतले दोघेतिघे म्हणत होते की कमान करू, पुतळा करू. मी म्हटलं, पुतळ्याला मेंढरू पाणी पितं काय? हौद करा. शंभर-सव्वाशे किलोमीटरची वाट पुन्हा चालती झाली, तर परत एकाही मेंढपाळाला ट्रकच्या पुढून जावं लागणार नाही.

सोपं गेलं असं समजू नका. विट्याच्या पुढं एका द्राक्षवाल्यानं वाटेवरच तार मारलेली. म्हणाला, ‘मेंढरं बाग खातील, आण्णा, मी तार काढणार न्हाई.’ मी म्हटलं, बरं, मग मी इथंच राहतो. दोन दिवस त्याच्या गोठ्यात बाजेवर पडून होतो. सूर्यास्ताच्या आत जेवायला मागायचो, कांदा-लसूण नको म्हणून सांगायचो, पाणी गाळून द्या म्हणायचो. तिसऱ्या दिवशी त्याची बायको बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, ‘ती तार काढा आन् ह्यास्नी घरला घालवा.’ असा सहावा तळ झाला. चौसष्ट वर्षांचा आहे मी, पण अडून बसण्यात अजून कुणाला हार जात नाही.

आठव्या तळाचा रानमालक ऐकत नाही, त्याचं मी बघतो. खरं अडलंय ते चौथ्या तळाशी. मायणीच्या तळ्याजवळ तीन माणसांनी तीन जागा दाखवल्या. कागदात वाट सापडते, तळ सापडत नाही. तो तुम्हालाच ठाऊक असणार. राणीला सांगून तेवढं कळवा.

परवा एक वार्ताहर आला होता. विचारतो, ‘इतकी वर्षं आडवाटेनं येणारी माणसं त्याच दिवशी मोठ्या रस्त्याला का लागली?’ मी म्हटलं, धुकं होतं. तो म्हणाला, ‘धुकं होतं म्हणून अपघात झाला, आण्णा. रस्त्याला का लागली ते विचारतोय.’ त्याला मी चहासुद्धा न देता वाटेला लावला. कस्तुरी माझ्याकडे बघत राहिली. पाहुण्याला असं कधी घालवलं नव्हतं आपण.

नववा तळ आमच्याच वावरात. तो दगड अजून कोरा आहे. भरतेश म्हणतो, त्यावर चार नावांखाली ‘वाट उभारणारे: वर्धमान मगदूम’ असं कोरू. समितीनं टाळ्या वाजवल्या. बघू ते.

अठ्ठावीस डिसेंबरला वडूजहून पहिला कळप निघायचा आणि सात जानेवारीला आमच्या वावरात पोचायचा, तिथं मांडव घालून कार्यक्रम करायचा, असं ठरलंय. तो कळप तुमचाच असला पाहिजे. त्याशिवाय या सगळ्याला काही अर्थ नाही.

उत्तराची वाट बघतो.

तुमचा,
वर्धमान मगदूम


सांगली,
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

सुलाबाई,

नमस्कार. राणीनं भरतेशला पाठवलेला निरोप पोचला. चौथा तळ सांडव्याच्या खाली, तीन बाभळींच्या मधे, हे तुम्ही सांगितलंत आणि भरतेश जाऊन बघून आला. बाभळी आता दोनच आहेत, पण चुलीचे दगड तसेच काळे आहेत. हौदाचं काम परवा सुरू झालं.

निरोपात आणखी एक ओळ होती. ‘आई म्हणते, वडलांचं नाव सगळ्या दगडांवर खाली घ्या. त्यांनीच सगळ्यांना डांबरीवर नेलं.’

ती ओळ भरतेशनं जेवताना वाचून दाखवली. आप्पासोंचं नाव खाली घेता येणार नाही, सुलाबाई. का, ते सांगायलाच हे पत्र आहे. सरळ लिहितो. मधेच थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

चार जानेवारीला, बुधवारी दुपारी, मी आप्पासोंना फोन केला होता. सोयाबीन निघून वावर मोकळं होतं, ऊस लावायचा होता. ट्रॅक्टरवाल्यानं सोमवारची तारीख दिली होती. त्याआधी दोन रात्री तरी मेंढरं बसून लेंडीचं खत पडायला हवं होतं. मी म्हटलं, शनिवारपर्यंत या. ते विट्याच्या पुढं होते. म्हणाले, ‘आण्णा, दोन मेंढ्या व्यायला आल्यात, थांबत थांबत यावं लागंल. वाटंनं आलो तर मंगळवार उजाडंल. डांबरीनं आलो तर शनवारी पोचंन, पर डांबरी नगं वाटतीया.’

त्यावर मी काय म्हणालो ते तसंच लिहितो. मी म्हणालो, ‘मग राहू दे. दुसऱ्याचा कळप बसवतो.’

एकोणीस वर्षं ते आमच्या वावरात येत होते. बाकीचे शेतकरी ‘मगदुमांचा कळप’ म्हणायचे त्यांना. आणि मी असं बोललो. दुसरा कळप माझ्या नजरेत नव्हताच. नुसतं बोलायचं म्हणून बोललो, तारीख चुकेल म्हणून चिडून. ते म्हणाले, ‘न्हाई न्हाई आण्णा, येतो.’ तेवढंच.

तुम्ही घोड्यावर बिऱ्हाड घालून आदल्या संध्याकाळीच पुढं आला होता. शनिवारी सकाळी माझ्या वावरात तुमची चूल पेटली होती आणि मी तुम्हाला चहा आणून दिला. तुम्ही म्हणालात, ‘आमचं मालक हट्टाला प्येटल्यात. डांबरीनंच यायचं म्हणं.’ मी मान हलवली. तेव्हा मी सांगू शकत होतो. अजून काही झालेलं नव्हतं. म्हणजे झालं होतं, तासगावच्या अलीकडं साडेसहाला, पण आपल्याला ठाऊक नव्हतं. आठ वाजता मला फोन आला.

नंतर पोलिसांनी ट्रकवाल्याला धरलं, त्याला झोप लागली होती हे त्यानं कबूल केलं, आणि मला कुणी काही विचारलं नाही. न विचारल्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. सोमवारी ट्रॅक्टर आलाच नाही. तो आला गुरुवारी.

आणखी एक आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त टोचतं. आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असेल, तर हात जोडून त्याची क्षमा मागायची. गेल्या साली मी आणि कस्तुरी त्यासाठी वडूजला तुमच्या दारात आलो होतो. मी ठरलेले शब्द बोललो. तुम्ही माझे हात धरलेत आणि म्हणालात, ‘आण्णा, तुमी कसली माफी मागताय? तुमच्यावाणी कोण हाय आमाला?’ मी गाडीत बसलो आणि मला हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती, सुलाबाई, हलकं वाटलं. कशाची ते न सांगता मी तुमच्याकडून माफी काढून घेतली. ती मी आज परत करतो. ती माझी नव्हती.

आधी कस्तुरीला सांगितलं. ती ताटावरून उठली. दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुम्ही समोर जाऊ नका. तुमचं तोंड बघितलं की भिडेपोटी त्यांना गप्प बसावं लागेल. पत्र लिहा.’ भरतेशला काल सांगितलं. तो अजून माझ्याशी नकाशापुरतंच बोलतो.

आता एकच विचारायचंय. नववा दगड कोरा आहे, पाथरवट पंधरा तारखेपर्यंत थांबलाय. आप्पासोंचं नाव कुठं, आणि त्या दगडावर माझं काय करायचं, ते तुम्ही सांगाल तसं होईल. मला सात जानेवारीला तिथं उभं राहू द्यायचं नसेल तर मी राहणार नाही. पण वाट थांबणार नाही. तुम्ही माझं तोंड बघितलं नाही तरी हौद बांधले जातील. आठवा तळ अजून अडलाय, तिथला माणूस माझ्यापेक्षा हट्टी आहे. उद्या अंथरूण घेऊन त्याच्या दारात चाललोय.

या वेळी क्षमा मागत नाही.

वर्धमान


वडूज,
११ डिसेंबर २०२५

(आण्णा, आई सांगते तसं लिहिते आहे. मी एक अक्षरही बदललेलं नाही. – राणी)

वर्धमानआण्णास्नी रामराम.

तुमचं पत्र राणीनं दोनदा वाचलं. पयल्यांदा अर्ध्यातनं उठून मी मेंढरांकडं गेले. दुसऱ्यांदा बसून समदं ऐकलं.

आदल्या दिवशी मी मालकाला इचारलं हुतं, डांबरीनं का जायाचं? त्यो म्हणला, ‘माझ्या मनात हाय म्हणून.’ लय भांडले मी. त्वांडाला यील ते बोलले, घोडा घेतला आन् तणतणत फुडं आले. त्ये आमचं शेवटचं बोलणं. तुमी त्याला काय बोलला, त्ये त्यानं बायकूला सांगितलं न्हाई. एकोणीस वरसाचं घर आपल्याला दुसरा कळप बसवतो म्हणतंय, ह्ये कसं सांगंल त्यो? त्यानं माझ्या शिव्या खाल्ल्या, पर तुमचं नाव घेतलं न्हाई.

आन् मी तीन वरसं त्यालाच शिव्या देतीया. पितरं घातली तवा समद्यांची पानं वाढली, त्याचं शेवटाला वाढलं. धनाजीच्या दोन पोरी माझ्याकडं हायत. ‘तुमचं आई-बा माझ्या मानसाच्या हट्टानं ग्येलं,’ आसं मीच त्यास्नी सांगितलंय. मीच, ह्या त्वांडानं. पोरींनी चुलत्याच्या फोटूकडं बघायचं सोडलं. आता त्यांच्या फुड्यात बसून त्ये उलटं सांगायचंय. ट्रकनं माझा मानूस न्येला, आण्णा. त्याची आब्रू तुमी न्येली. तुमी चहा आणून दिला तवाच बोलला आसता, तर येवढं तरी वाचलं आसतं.

माफी न्हाई. फुडचं म्हाईत न्हाई, आज न्हाई.

आता कामाचं बोलते. आप्पासोचं नाव समद्या दगडांवर वर. तुमचं नाव कुठंच घालायचं न्हाई, चांगलं म्हणूनबी न्हाई आन् वाईट म्हणूनबी न्हाई. नाव कोरलं की मानूस सुटतो. तुमी सुटायचं न्हाई. मांडवात लोकं जमतील तवा तुमीच हुबं ऱ्हायचं आन् फोनवर काय बोलला त्ये सांगायचं, मला लिवलंय तसंच. धनाजीच्या पोरी म्होरं बसतील. खाली बघायचं न्हाई, त्यांच्याकडं बघून सांगायचं.

आन् आठव्या तळाच्या मानसाला सांगा, सुलाबाई यितीया. त्यो मला वळखतो. त्याच्या बाच्या रानात आमी धा वरसं मेंढरं बसवली. न्हाई म्हणला तर मला सांगा, मी बघते त्याच्याकडं.

अठ्ठावीसला मी निघते. मेंढरं हायत, घोडा हाय, राणी रजा टाकून संगं यितीया. समदी वाट, नऊच्या नऊ तळ, एकबी सोडणार न्हाई. तुमी पत्रिका छापल्या आसतील सात तारखंच्या. छापा. पर सात मेंढ्या व्यायला आल्यात. जिथं व्येतील तिथं मी थांबणार. सातला पोचंन, न्हाई तर नऊला, न्हाई तर बाराला. पुढारी आलं तर बसू द्या. लोकं कटाळली तर जाऊ द्या. तुमी वावर मोकळं ठिवायचं आन् बांधावर बसायचं. कवा येता म्हणून मला फोन करायचा न्हाई.

आप्पासो पुकळ्याची बायकू,
सुलाबाई