आडवा शब्द : खाडी

मी, दमयंती गंगाराम मयेकर, वय सत्त्याहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, अविवाहित, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. या आठवड्याचे शब्दकोडेही मीच रचले आहे, तो माझा दाखला.

१. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्यात धाकटा भाऊ रावजी राहतो. त्याला मूलबाळ नाही, बायको वारली. कै. थोरल्या भावाचा मुलगा विनीत डोंबिवलीला असतो. यंदा मे महिन्यात त्याने आंबे खाल्ले आणि मोजपट्टीने घरामागचे परडे मोजले. "आत्या, तुझ्यामागे हे विकून टाकू. काकांना काय, एक खोली पुरे," असे रावजीच्या देखत म्हणाला.  दुसऱ्या दिवशी रावजीने आपले कपडे भरून ट्रंक दाराशी आणून ठेवली. ती अजून तिथेच आहे. घराचे काय करायचे ते कलम ५ मध्ये.

२. विनीतला त्याची मोजपट्टी परत द्यावी, ओटीवर विसरून गेला आहे. आईच्या पाटल्या त्याची बायको दीपाली हिला द्याव्यात. तिचा यात काही दोष नाही.

३. शब्दकोश आणि शब्दांच्या चिठ्ठ्यांचा बिस्किटांचा डबा विनीतची मुलगी आरोही हिला. त्यात व्हाळ, पऱ्या, कोंड, डोह असे पाण्याचे शब्द आहेत. तिकडे नळाचे पाणी पितात, तरी वाचून ठेवावेत.

४. येथील साप्ताहिकाचे शब्दकोडे आम्ही दोघे करतो. शब्द आणि चौकोन माझे, सूत्रे रावजीची. एकदा 'खाडी'ला त्याने सूत्र दिले, 'नदीचा शेवटचा भाग (२)'. मी छापखान्यात जाऊन 'जमिनीत शिरलेला समुद्र (२)' असे केले. अंक आल्यावर तो म्हणाला, "गो ताय, विचारायचंस तरी." मी म्हटले, "चूक सुधारताना विचारायचं नसतं." तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. कोडे बंद नाही. मी तक्ता ओटीवर वरवंट्याखाली ठेवते, तो सूत्रे लिहून तिथेच ठेवतो. 'धोंडा'ला त्याने लिहिले, 'नदीत असतो. काहींच्या डोक्यातही (२)'. मी तसेच छापू दिले. खाडी मात्र पुन्हा घातली नाही.

माझे म्हणणे आजही तेच आहे. पण पूल नव्हता तेव्हा आमचे वडील भाट्याच्या खाडीत तरीची होडी चालवत, आणि आषाढात वल्ह्यावरचे पाणी आम्हा दोघांना चाखायला देत. काजळी नदीला पूर असला की ते गोडे लागे. वैशाखात खारट. हे रावजीला आठवते, तसे मलाही आठवते.

५. सबब घर, परडे व त्यातील सर्व झाडे मी रावजी गंगाराम मयेकर यास पूर्ण मालकीने देते. विनीतचा त्यावर हक्क राहणार नाही. त्याने पाहुणा म्हणून यावे, आंबे खावेत.

६. टेबलाच्या खणात शेवटचा तक्ता आहे. सगळे शब्द नदीचे. उगम, ओहोळ, डोह, संगम. शेवटी आडवा शब्द खाडी. सूत्र रावजीने लिहावे. तो जे लिहील ते कोणीही न बदलता छापावे.

७. रावजी, हे सहीच्या वर लिहिते आहे, म्हणजे कायद्याने तुला ऐकावे लागेल. ट्रंक पलंगाखाली सरकव. कपडे बाहेर काढ, कसर लागेल.

सही : दमयंती गंगाराम मयेकर

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली. आम्हाला या मिळकतीतून काही मिळायचे नाही.

साक्षीदार : हरिश्चंद्र भाटकर, शेजारी
साक्षीदार : डॉ. रेणुका शिवलकर

मांडवी, रत्नागिरी
१२ ऑगस्ट २०२४