कापसावरची लवंग

बांडुंग, रविवार

प्रिय आईस, लेकीचा सलाम.

बाबांचं ठीक चाललंय. आज अर्धी वाटी पेज घेतली. तुझा गुडघा कसा आहे?

माझं काम चालू आहे. वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, भरायचं सुगंधी द्रव घरीच मिसळते, थेंबाथेंबाने. बाबा हसतात, "मी जन्मभर लवंगा वाळवल्या आणि लेक बाटलीतला वास विकते!"

डॉक्टरांनी त्यांना धूर बंद केलाय, वेपचासुद्धा. पण गेल्या आठवड्यात म्हणाले, "घरचा वास येईल असं काहीतरी कर गं." म्हणून निकोटिन न घालता बाटली बनवली आणि कापसावर थेंब टाकून नुसता हुंगायला दिला. लवंग फार चढली होती. "हा दातदुखीचा वास," ते म्हणाले. लवंग निम्मी केली, तर व्हॅनिला पुढे आला. "आता लग्नातला केक झाला." मग व्हॅनिलाचा एकच थेंब ठेवला, वाळल्या गवताचा वास जरासा घातला आणि दोन दिवस मुरू दिलं.

आज कापूस हुंगून त्यांनी तो उशाशी ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रुकिया, आभाळ आलंय. चटयांवरच्या लवंगा आत घेतल्यास का?"

त्यांना मी तूच वाटले; मी नूरलेला आहे, हे सांगवेना. "घेतल्या हो," म्हटलं. तेव्हा शांत झोपले.

फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून उद्या आपल्या तेर्नाते बेटावर निघालेल्या सलीमकाकांकडे पत्र देतेय. आई, त्यांच्याबरोबर परतीच्या विमानाने ये. डॉक्टर म्हणतात, आठवडाच उरलाय.

तुझी,
नूरलेला