गाऊनवरची साडी

आई, आज सकाळपासून तू माझ्या स्क्रीनवर आहेस. सहा फूट बाय चार फूट. खरी उंची तुझी जेमतेम पाच, म्हणजे गेल्यावर वाढलीस म्हणायची. वहिनीने पार्ल्यात पोळी-भाजी केंद्रासाठी नवा गाळा घेतलाय आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर तिला तू हवी आहेस. फोटो दादाच्या जुन्या फोनमधला. ओट्यापाशी उभी, हातात लाटणं, खांद्यावर नॅपकिन, अंगात निळ्या फुलांचा गाऊन, आणि कशाला तरी हसतेयस. तुझा हसतानाचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. कांदिवलीच्या ज्या दुकानात मी मोठ्या छपाईसाठी फोटो तयार करतो, तिथे फोनमधले असे फोटो रोज येतात. रस्त्यावरच्या बॅनरला ते चालून जातात, लोक लांबून बघतात. तुला मात्र लोक डबा घ्यायला थांबून हातभर अंतरावरून बघणार. म्हणून तुला हळूहळू मोठं केलं, मोठं करताना गालावर उठलेले फोटोचे दाणे पुसले, मागच्या भिंतीचे तेलकट डाग काढले, फ्रेममध्ये दुमडायला चारही बाजूंनी दोन-दोन इंच सोडले. तुझ्या डोळ्यांखालचं काळं साफ करण्यात अर्धा तास गेला. मला काहीच वाटलं नाही. तेराव्यालाही मी असाच होतो, तेव्हा लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे.

मग वहिनीचा फोन आला. "भाऊजी, आईंना साडी लावता येईल ना? दुकानात गाऊनमध्ये बरं नाही दिसत हो." येते ना. आमच्याकडे तयार फोल्डरच आहे, बायकांना साड्या, पुरुषांना कोट-टाय, नुसती मान बसवायची. जन्मात कोट न घातलेले कितीतरी आजोबा मी साहेब करून भिंतीवर चढवलेत. मागून दादा ओरडला, "अगं, राहू दे ना गाऊन! आई तशीच होती यार." वहिनी त्याला म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. भाऊजी ठरवतील." दोघांनी मिळून घोंगडं माझ्या गळ्यात टाकलं.

मी सहावीत आहे, डबा घरी विसरलोय. मधल्या सुट्टीत तू शाळेच्या फाटकाशी उभी. पोळ्या अर्ध्यावर टाकून आलेली, असाच गाऊन, वर ओढणी, कोपरापर्यंत पीठ. वर्गातली पोरं बघतायत. मी डबा घेत नाही. म्हणतो, "अशी काय आलीस? साडी नेसून यायला काय होतं?" तू डबा वॉचमनकडे ठेवून निघून जातेस. संध्याकाळी आता फटका बसणार म्हणून मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो होतो. तू तवा उतरवत एवढंच म्हणालीस, "पुन्हा नाही येणार हो तशी." त्यानंतर तू खाली वाण्याकडे जातानाही गॅस बंद करून साडी नेसायचीस. निकालाच्या दिवशी शाळेत साडीत आलीस, घामाने थबथबलेली, आणि मी मित्रांना तुझी ओळख करून दिली.

दुपारी मी दादाचं ऐकायचं ठरवलं. फोटो गाऊनमध्येच पुरा केला, रंग तपासायला वरची एक पट्टी छापली. तुझा चेहरा आणि गाऊनचा गळा. ती भिंतीला चिकटवून मी मागे सरकून बघत होतो. मशीनवरचा माझा जोडीदार चहा घेऊन आला. म्हणाला, "कोण रे ही आज्जी? कसली गोड हसतेय."

मी म्हणालो, "गिऱ्हाइकाची आई आहे."

तो चहा ठेवून गेला. मी जागेवर बसलो, फोल्डर उघडलं आणि तुला मोरपंखी, काठाची साडी लावली. तशी तुझ्याकडे कधीच नव्हती. खांद्याशी नीट बसली, जोड दिसत नाही. दादाला सांगितलं, वहिनीचा हट्ट, माझा नाइलाज झाला. त्याने ते मान्य केलं. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुला सांगतो. वहिनीचा काही दोष नाही. मला अजून तुझी लाज वाटते, आई.