खिडकीच्या कडीवरचा अंगठा

भावजी, तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकन वाजतो, असं कानावर आलं. बाळा, तुझी पाठ? सूनबाई, हातांच्या भेगांना रोज तेल लावतेस ना? मी बरी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, छातीत सगळं स्पिरिट भरलंय, जवळ काडी ओढू नका.

वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात कोणाची तब्येत विचारत नाहीत." मी म्हटलं, "ज्यांना द्यायचं ते धड आहेत का, ते नको बघायला?"

तर मी, या वर्कशॉपची मालकीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लाकडाला पॉलिश करणे, शिक्षण चौथी आणि पुढचं सगळं हाताने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते, की माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. त्याने मला कधी वाऱ्यावर सोडलं नाही. बदल्यात एवढंच, की बाहेरच्या खोलीतलं कपाट ओल्या फडक्याने पुसू नये. तीस वर्षं सांगतेय.

दोन. पॉलिशची लाख, बाटल्या, कुंचले आणि माझे मऊ झालेले कापडी बोळे सूनबाईला. बोळे धुऊ नकोस, झाकणाच्या डब्यात ठेव. हिवाळ्यात बाटली विस्तवापासून लांब, कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी कर. लाकूड आदल्या दिवशी आत आण आणि गाल लावून बघ. गालाला गार लागलं तर थांब. गिऱ्हाईक तोंड वाकडं करेल, करू दे. तोंड पुन्हा सरळ होतं, टेबल होत नाही.

तीन. समोरच्या गादीवाल्याने नेलेली माझी शिडी परत आणावी. भांडू मात्र नये. माझ्या आजारपणात त्याने न मागता गादी आणून घातली होती. नाहीच दिली तर राहू दे त्याच्याकडे.

चार. कामाचा बाकही सूनबाईला. तो माझ्या दिरांनी, म्हणजे भावजींनी केलाय. मी लग्न होऊन आले तेव्हा बाक माझ्या छातीशी यायचा. मी कोणाला काही बोलले नव्हते. एक दिवस येऊन बघते तर चारही पाय चार बोटं कापलेले. आमचे हे चिडले, "अरे, आता मी कुबडा होऊन काम करू?" भावजी म्हणाले, "दादा, तू दुसरा घे. हा वहिनींचा." मी पॉलिश शिकले ती या बाकावर. सूनबाई माझ्याच उंचीची निघाली, हे माझं नशीब.

पाच. हे कलम लिहायला एकोणीस वर्षं लागली.

वाचनालयाचं बारा माणसांचं टेबल आठवतं, भावजी? कडाक्याची थंडी होती. संध्याकाळी मी शेवटचा हात दिला. सकाळी गिऱ्हाईक दारात आणि टेबलावर दुधावर यावी तशी पांढरी साय. खिडकी उघडी होती. गार दमट हवा ओल्या पॉलिशवर बसली होती. चारचौघांत मी म्हटलं, "भावजी, तुमच्याच्याने एक खिडकी लागत नाही?"

"वहिनी, मी लावली होती."

"मग काय ती आपणहून उघडली?"

 तुम्ही हत्यारं पिशवीत भरलीत आणि गेलात. ह्यांच्या अंत्ययात्रेला आलात तेही दारापाशीच उभे राहिलात.

तिसऱ्या दिवशी टेबल खरवडताना खिडकीतून ऊन आलं आणि कडी चमकली. तिच्यावर लाखेत वाळलेला अंगठा होता, मधोमध आडवा व्रण असलेला. पटाशी लागलेला अंगठा या घरात माझाच आहे. वासाने गरगरलं म्हणून मीच खिडकी उघडली होती आणि विसरले होते. तेव्हाच यायला हवं होतं तुमच्याकडे. आज जाऊ, उद्या जाऊ, म्हणता म्हणता थंडीतल्या लाखेसारखी जीभ घट्ट झाली.

शेजारचा कुलूपवाला दर वर्षी विचारतो, "मावशी, ही कडी बदलू? दोन मिनिटांचं काम." मी म्हणते, "हात लावशील तर याद राख." आता त्यानेच ती काढून भावजींना द्यावी.

वर्कशॉप निम्मं सूनबाईचं, निम्मं भावजींचं. मुलगा म्हणतो, "आई, सुतार नसलेलं वर्कशॉप म्हणजे नुसती खोली, विकून टाकू." त्याचं चुकत नाही. भावजींनी हिस्सा नाकारला तर विकावं आणि रक्कम सूनबाईने घ्यावी.

तुम्हा सगळ्यांनी मला भरभरून दिलं. मी राजीखुशीने खाली सही करते. अंगठा मात्र तिथे, कडीवर आधीच लावलेला आहे.

सही: मालकीण
साक्षीदार: १. कुलूपवाला (सही) २. डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण: वर्कशॉप, खिडकीजवळचा बाक
दिनांक: ९ जानेवारी

ता. क. भावजी, याची नक्कल तुम्हाला आधीच पाठवतेय. वकिलांनी पुढच्या बुधवारी नोंदणीला बोलावलंय, त्याआधी कळवा. हिश्श्याला हो असेल तर एवढंच लिहा, "वहिनी, खिडकी लावून घ्या." नाही असेल तरी लिहा, गुडघ्याचं तरी कळेल. पण लवकर लिहा.