नारळाचा दगड

४ जुलै, वळ गाव
जुन्या वस्तीच्या शोधात जमिनीत गिरमिटाने सहावं भोक. दोन गोदामांच्या मधे हे एकच शेत उरलंय. वर काळा चिखल, खाली निळसर. त्यात खेकड्याची नांगी, भाताचं जळकं तूस. म्हणजे माणसं होती, पिकवत होती. नमुन्यांच्या पिशव्या, मी उतरलेय त्या जनीमावशींच्या पडवीत. मावशी हसल्या, "चिखल काय जपतेस गो बाय? आमी जनमभर धुतला."

५ जुलै
मावशींचा पुतण्या हरेश आला. शेत त्याचं, भराव टाकायचाय. बांधावरचा दगड दाखवून म्हणाला, "मॅडम, हा जुना हाय का? नंतर लफडा नको." कोरीव काम नाही, अक्षर नाही. साधा दगड, म्हटलं. लिहूनही दिलं.

८ जुलै
दगड उचलून नेला. डंपर सुरू. जेवताना मावशी एकदम म्हणाल्या, "नारली पुनवेला आमी नारल खाडीवर न्हाय, त्या दगडाला द्यायचो. सासू सांगाची, एकदा खाडीचं पानी तिथवर आलतं." खाडी तिथून अर्धा तास चालत! शेतांची नावं विचारली, विहिरी विचारल्या. दगडाचं मात्र कुणालाच विचारलं नाही. लाज वाटते.

११ जुलै
दगडाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना भोकं. खाडीकडे प्रत्येकात तोच थर, हातभर वाळू, शिंपल्या, फुटकी खापरं, सगळं एकदम येऊन पडलेलं. पलीकडे काही नाही, नुसती काळी माती. पाणी तिथेच थांबलं होतं. मावशींचं घर खाडीकडच्या बाजूला आहे. तेव्हा पाणी शेतात पसरलं असेल; आता शेताच्या जागी भराव. पुन्हा आलं तर ते घरांकडेच वळणार.

१२ जुलै
हरेशला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्याने. मग मोबाइलवर माझ्याच कागदाचा फोटो दाखवला. "तुमीच लिवलं ना, मॅडम?" डंपर चालूच.

१४ जुलै
अमावस्येचं उधाण चार दिवसांवर. नाल्याचं पाणी आज उलटं चढत होतं. अंगणात खेकडे. मावशींना म्हटलं, आठ दिवस माझ्याकडे ठाण्याला चला. चुलीपुढून उठल्या नाहीत. "घर सोडून कुठं जाऊ? तू लिवून दे, पानी येनार न्हाय म्हनून. हरेशला दिलंस तसं."
मग उठून कागद त्यांनीच आणून ठेवला. थट्टा करतात की खरंच मागतात, कळेना. तो कागद अजून समोर कोराच आहे.