खारीच्या शेपटीत

४ एप्रिल

चि. धाकटीस,

अ. उ. आशीर्वाद, आणि त्यात मिसळलेला थोडासा राग.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडेही असणार, असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रांत एक गोष्ट सोडून बाकी सगळं असतं. कारखान्याची धूळ, शेजारणीचं बाळंतपण, जावईबापूंच्या नव्या चपलेने त्यांना आलेला फोड, सगळ्याची सविस्तर हकीकत पोचली. मी दर पत्रात जी एक ओळ लिहिते, तिचं उत्तर मात्र कधीच येत नाही. तीच परत लिहिते. भिंगरीला भेटायला मी कधी येऊ?

तुझी लेक तुझ्याकडे गेली त्याला वर्ष होत आलं. तू इस्पितळात गेलीस तेव्हा पाच महिन्यांचा गोळा माझ्या हातात ठेवून गेलीस. बरी झालीस म्हणेपर्यंत तुझं छातीचं दुखणं परत उलटायचं, आणि तसं होता होता ती माझ्याकडे पाच वर्षांची झाली. ती तुझी आहे हे मी एक दिवसही विसरले नाही. पण वर्षभर नुसती खुशाली वाचून पोट भरत नाही गं. परवा विणायच्या मशीनवर बसले होते. गिऱ्हाईकाचा स्वेटर, चांगल्या धिप्पाड माणसाचा. हात आपोआप छोटी बाही घालत गेले आणि शेवटी सगळी उसवावी लागली. हे पलीकडे घड्याळ उघडून बसले होते. म्हणाले, राहू दे, त्या बाहीत गिऱ्हाईकाचं नाक तरी ऊबदार राहील. मला हसवायला म्हणाले, पण स्वतः हसले नाहीत.

मी तुझ्या घरी आले तर ती बिथरेल आणि तिला इकडे आणलीस तर तिचा पाय निघणार नाही, ही तुझी भीती न लिहिताही कळते. म्हणून एक सुचवते. हमरस्त्यावर, तुमच्या-आमच्या मध्यावर, सिमेंटची एक खार उभी केली आहे. चांगली पाच मजली! लोकर घेऊन येणारा ट्रकवाला सांगत होता की तिच्या शेपटीतून जिना आहे, आणि वर तिने पंजांत धरलेल्या अक्रोडात जाऊन उभं राहता येतं. भोवती पाळणे, छोटी आगगाडी, होड्या. ते ना तुझं घर, ना माझं. एक दिवस तिथे भेटू आणि संध्याकाळच्या बसने आपापल्या वाटेने जाऊ.

माया आहे ती राहू दे. उत्तर मात्र या खेपेला पुरतं धाड.

तुझी ताई


१९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडलं, परत घडी घातली. हे विचारायला लागले, ताईंनी पत्र पाठवलंय की पंखा.

तू भीती म्हणालीस ते खरं, पण अर्धं. उरलेलं आज लिहिते. भिंगरी इकडे आली तेव्हा ती मला अहो म्हणायची. अहो, पाणी द्या. अहो, वेणी घट्ट झाली. आई म्हणायची ती तुला. ते नाव तिने तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं आणि मला द्यायला ती तयार नव्हती. मी तिच्यावर रागावले नाही. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी गच्चीवर जायची आणि बादली रिकामी झाली तरी तिथेच उभी राहायची. मग एकदा तिला जवळ बसवून समजावलं की तिकडे आहे ती तुझी मावशी, आणि तुझी आई मी. तुला विचारलं नाही. हळूहळू तिच्या जिभेला वळण लागलं. अजूनही तिने आई म्हटलं की पहिल्या हाकेला मला खरं वाटत नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघते.

आता तू समोर आलीस की माझं वर्षभराचं सगळं ती एका क्षणात पुसून टाकेल, असं वाटतं. म्हणून त्या एका ओळीला उत्तर देत नव्हते. तुझं मन मोडावं म्हणून नव्हे, एवढं तरी मान.

तरी येऊ. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या बसने. ह्यांना नकाशांच्या कामातून सुटी नाही, आम्ही दोघीच. एकच मागणं आहे. ती तुला मावशी म्हणेल, तेव्हा चेहरा पाडू नकोस. तुझा चेहरा पडलेला तिला लांबूनही कळतो. मलाही. डॉक्टरांनी मला जिने चढायला अजून मनाई केली आहे, तेव्हा तुझी खार मी खालूनच बघेन.

भावोजींना नमस्कार. तुझ्या मायेत माझाही वाटा आहे, तो भिंगरीला सगळा देऊन टाकू नकोस.

तुझी धाकटी


२५ एप्रिल

चि. धाकटीस,

अ. उ. आ. घाईत लिहिते, पोस्ट सुटायच्या आत.

मावशी हा काही कमी दर्जाचा हुद्दा नाही. सराव सुरू केला आहे. ह्यांना सांगितलं, घरात मला मावशी म्हणा, म्हणजे कानाला सवय होईल. ते म्हणाले, या वयात मला नवी मावशी नको, आहेत त्यांनीच मला पुरेसं वळण लावलंय.

खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचून आधी संताप आला. मग ते अहो डोळ्यांसमोर आलं आणि हसू फुटलं. शेवटी तू रिकामी बादली घेऊन गच्चीवर उभी असलेली दिसलीस, आणि संताप कुठे गेला ते कळलं नाही.

तिच्या छातीचं आणि बाहीचं माप लगेच कळव. माझ्या हातात आहे ते जुनं.

रविवारी येते. तोवर आहे तेवढाच जीव लावत राहा.

तुझी ताई


९ मे

चि. धाकटीस,

अ. उ. आ. सुखरूप पोचले.

ह्यांनी विचारलं, खार कशी आहे. मी म्हटलं, तिरळी. एका डोळ्याने आमच्याकडे बघते आणि दुसऱ्याने तुमच्याकडे.

तू बसमधून उतरलीस आणि तुझ्यामागून ती. मनात जेवढी धरून आले होते त्याहून चांगली बोटभर उंच. तिने हात जोडून नमस्कार मावशी म्हटलं, शाळेत पाहुणे आल्यावर पोरं म्हणतात तसं. माझा चेहरा जागेवर राहिला ना? तू काही बोलली नाहीस म्हणून विचारते. छोट्या आगगाडीतही ती तुझ्याच पदराला धरून बसली. मग त्या वेड्यावाकड्या आरशांच्या खोलीत मी बुटकी लठ्ठ आणि तू काठीसारखी उंच दिसलीस, तेव्हा ती पोट धरून हसली आणि हसता हसता तिने माझं बोट धरलं. शेपटीत चढायचं म्हणाली तेही माझ्याचबरोबर. मला वाटलं, आली. आता आली.

तुला खालून दिसलं नाही ते सांगते. तो जिना बाहेरून वाटतो त्याहून पुष्कळ अरुंद आहे. मधल्या वळणावर उजेड येत नाही, आणि वारा आत शिरला की अख्खी शेपटी घुमते. तिथे ती थांबली. कठडा दोन्ही हातांनी धरला. वर येईना की खाली जाईना. मागे माणसं खोळंबली. मग तिने आई म्हणून टाहो फोडला. मी म्हटलं, हो गं बाई, इथेच आहे. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून गेलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि रडत रडतच म्हणाली, तू नाही, माझी आई.

मी तिच्या खालच्या पायरीवर बसले, म्हणजे पाय घसरला तर माझ्यावर पडेल. मागच्यांना हात करून थांबवलं. बाकी करण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात खालून लोक भिंतीला अंग चोरून वाट द्यायला लागले आणि तू दिसलीस. बरगडीवर हात दाबून एक पायरी चढत होतीस, थांबत होतीस, परत चढत होतीस. ओठ पांढरेफटक. मला आधी तुझ्यावर ओरडावंसं वाटलं. पण ती माझ्या खांद्यावरून तुझ्याकडे झेपावली. तिचा गुडघा खांद्याला लागला तो अजून दुखतो. दुखू दे.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. माझ्या पिशवीत तिचा घरात घालायचा झगा आणि तिची पांघरायची चादर होती. ती म्हणाली असती, मला तुझ्याकडे यायचंय, तर मी नको म्हणाले नसते. तुझ्याशी भांडलेही असते. पिशवी तशीच परत आणली. झगा धुऊन ठेवला आहे. मळला नव्हता तरी.

जिना चढल्याचं डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. मी तुझ्यावर रागावलेली नाही. लोभाचं काय लिहायचं, तो माझ्याकडून कमी व्हायचा नाही, तुला ठाऊक आहे.

तुझी ताई


१७ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी यथेच्छ रागावून घेतलं आणि मग छाती तपासून म्हणाले, काही बिघडलेलं नाही, दम लागला एवढंच. तुझा चेहरा जागेवर होता ताई. इतका जागेवर, की मलाच बघवेना.

मी खारीच्या पंजाशी उभी होते. वरून हाक आली. शेपटीत घुमून आली, त्यामुळे आई एवढंच कळलं. कोणत्या आईला, ते कळायला मार्ग नव्हता. तू तिच्याजवळ होतीस. तुलाच असणार, असं वाटलं. तरी चढले. कशासाठी, ते विचारू नकोस. तुम्ही दोघी वर आणि मी एकटी खाली, एवढंच सहन झालं नाही. तू नाही, माझी आई, असं ती म्हणाली, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. वाचून इतकी सुखावले, आणि त्याच ओळीवर तुझ्यासाठी रडलेही.

 घरी आल्यावर भिंगरीने तू तिथे दिलेला नवा स्वेटर चढवला आणि भर उकाड्यात घामाघूम होऊन बसली. काढ म्हटलं तर ऐकेना. मग विचारलं, मावशी एकटीच गेली का. मी हो म्हटलं. तर म्हणाली, मग तिला भीती वाटली असेल.

ह्यांच्याशी बोलले आहे. शाळेला अजून सुट्टी आहे. येत्या शनिवारी हे भिंगरीला तुझ्याकडे सोडून जातील. तिथेच राहू दे. शाळा उघडायच्या आधी मी न्यायला येईन. तो झगा बाजूला काढून ठेव, तिच्या कमरेतून आता खाली उतरायचा नाही. कपडे मी देते आहे.

आता तिला दिवा लागत नाही, अंधारात झोपते. केस विंचरताना किंचाळते ते सगळं खोटं, तू विंचरत राहा. दूध प्यायलं म्हणाली तर पेला बघून ये.

आणि एक. तिचा खालचा पुढचा दात हलतो आहे. दिवसभर जिभेने ढकलत असते. बहुतेक तुझ्याकडेच पडेल. तो उगवला तेव्हा मी इस्पितळात होते. तू कळवलं होतंस, आणि मी ते शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्या बिचाऱ्या ऐकता ऐकता झोपून गेल्या. पडताना तरी आपण समोर असावं असं फार वाटतं गं. ह्यांना म्हणालेही, दात पडू दे, मग पाठवू. पण मला माहीत आहे, मग दुसरा हलायला लागेल आणि मी तिला कधीच पाठवणार नाही.

तेव्हा तुझ्याकडे पडला तर पडू दे. रक्त बघून घाबरली तर जवळ घे. आणि कुठे बसली होती, काय खात होती, पडल्यावर पहिल्यांदा काय म्हणाली, ते सगळं मला लिही. काही गाळू नकोस.

तुझी धाकटी